कंट्रोलर कसा धरता? एक बोट, दोन बोटं की ‘कुर्ली’?

माटोळी (फोंडा)

गेमिंगवाल्या मंडळींना प्रश्न सरळ आहे. तुम्ही कंट्रोलर नेमका कसा धरता? वरच्या कडेच्या ‘खांद्यावरच्या’ बटणांवर, म्हणजे डावीकडच्या एल१-एल२ आणि उजवीकडच्या आर१-आर२ वर, एकच बोट वर-खाली फिरवता की दोन बोटं बसवून ठेवता? आणि उजवा अंगठा स्टिकवर (अंगठ्यानं फिरवायच्या छोट्या दांडीवर) तसाच ठेवून समोरची चार बटणं (चौकोन, त्रिकोण, गोल, फुली) तर्जनीनं दाबायची, ती क्लॉ ग्रिप कुणी रोज वापरतं का? त्यानं हात दुखतो का?

विचारतेय ते भाच्यासाठी. नववीत आहे, सुट्टी लागली की मुक्काम आमच्याकडेच. त्याचा उजवा अंगठा स्टिकवरून हलत नाही. तर्जनी कंट्रोलरच्या वरून पुढे वाकवून तो चौकोन-त्रिकोण दाबतो, मधलं बोट आर२ वर. आमच्या घरात या पकडीला ‘कुर्ली’ नाव पडलंय. खेळतो फार सुरेख, बघत बसावं असा. पण थोड्या वेळानं हात झटकतो, बोटं मोडतो.

माझं मत स्पष्ट आहे: आधी साधी पकड पक्की व्हावी. पेटी शिकताना बोटांची बैठक आधी बसवून घेतात, मग द्रुत लय. इथंही तसंच असावं. तुम्हाला काय वाटतं?

पोफळ (डिचोली)

एक बोट. आर२ वरून आर१ वर आणि परत. आजवर कुठं अडलं नाही.

रापणकार (म्हापसा)

माटोळीताई, पण साधी पकड म्हणजे कुठली? ती तर दर दहा वर्षांनी बदलत आलीय.

१९७७ च्या अटारीला एक दांडा आणि एक बटण. चौकोनी खोका डाव्या हातात धरायचा, त्याच अंगठ्यानं बटण दाबायचं आणि दांडा उजव्या हातानं हलवायचा. म्हणजे दिशा उजव्या हाताकडे होती! मग निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ च्या डाँकी काँग गेम अँड वॉच या हातात धरायच्या खेळावर अधिकचिन्हासारखं बटण डाव्या बाजूला बसवलं, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम यंत्राच्या कंट्रोलरवर तेच आलं. तेव्हापासून दिशा डाव्या अंगठ्याला आणि कृती उजव्या अंगठ्याला, ही वाटणी आजतागायत टिकून आहे.

आपल्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा आठ-बिटवाला खेळ खेळलाय, त्यांनी एक गोष्ट आठवून बघा. मारिओ पळत असताना बी बटण दाबून धरावं लागायचं आणि उडी मारायला ए. अंगठा एकच. मग आपण काय करायचो? अंगठ्याचं टोक बी वर रोवायचं आणि पेराकडचा भाग ए वर लोळवायचा. हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हापशाच्या पोरांनी केलं तेच टोकियोच्या पोरांनी केलं असणार, कारण बटणांची मांडणीच तसं करायला लावते.

१९९० मध्ये सुपर फॅमिकॉम आला आणि वरच्या कडेला एल आणि आर बटणं बसली. तर्जन्यांना पहिल्यांदा काम मिळालं. १९९४ च्या सोनीच्या प्लेस्टेशनवर ती दोनाची चार झाली. म्हणजे एक बोट की दोन बोटं हा तुमचा प्रश्न बरोबर तिथं जन्माला आला.

आबोली (पणजी)

रापणकार, पेराकडचा भाग लोळवायचा हे वाचून माझा अंगठा आपोआप हलला!

माझं उत्तर: दोन बोटं, कायम. मी मुख्यतः फुटबॉल खेळते (गोव्यात दुसरं काय खेळणार). धावायला आर२ दाबून ठेवायचं असतं. त्याच वेळी चेंडू वळवून मारायचा तर आर१ आणि गोलाचं बटण. पळता पळता एका बोटानं आर२ सोडून आर१ वर जायचं म्हणजे नेमक्या मोक्याच्या क्षणी खेळाडूचा वेग पडतो. मधलं बोट आर२ वर, तर्जनी आर१ वर. डावीकडेही तसंच, एल१ नं साथीदाराला पुढं पळवायचं आणि एल२ नं अंग आड घालून चेंडू राखायचा. अनामिका आणि करंगळी खालून मुठीला आधार देतात. बस्स.

पोफळदादा, चवथीला या, एका बोटानं किती गोल होतात ते बघू.

पोफळ (डिचोली)

येतो की. नेवऱ्या ठेवा.

फुटबॉलसाठी मान्य. मी बंदुकांचे खेळ खेळतो, तिथं एक बोट पुरतं. आणि त्यामागं कारण आहे. पीएस३ च्या, म्हणजे तिसऱ्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची आर२-एल२ बटणं बाहेरच्या अंगाला फुगीर होती, बोट घसरायचं. म्हणून कॉल ऑफ ड्यूटीसारख्या खेळांत तेव्हा नेम एल१ ला आणि गोळी आर१ ला असायची. लोक आर२ वर बसवायला वेगळे प्लास्टिकचे चाप विकत घ्यायचे. २०१३ ला पीएस४ चा कंट्रोलर आला त्यात या बटणांना आतून वळण दिलं, बोट बसायला लागलं, आणि गोळी आर२ वर गेली. मी तेव्हापासून तर्जनी आर२ वर ठेवतो आणि बॉम्ब टाकायला क्षणभर आर१ वर जातो. बॉम्ब टाकताना तसाही गोळी झाडत नसतो, मग दोन बोटं कशाला अडकवायची?

सुरंगी (मडगाव)

आमच्याकडे काकांनी दुबईहून निन्टेन्डो ६४ आणला होता. त्याच्या कंट्रोलरला तीन मुठी! आजीनं हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, “हो तिसरो हात कोणाचो?”

रापणकार (म्हापसा)

सुरंगी, आजीचा प्रश्न जगभर विचारला गेलाय.

१९९६ चा तो कंट्रोलर म्हणजे मधला मुक्काम होता. अ‍ॅनालॉग स्टिक नवीन होती, लोक ती वापरतील की जुन्या अधिकचिन्हाला चिकटून राहतील याचा अंदाज नव्हता, म्हणून दोन्ही ठेवलं. माहितीपुस्तिकेतच वेगवेगळ्या पकडी दाखवल्या होत्या. डावा हात मधल्या मुठीला धरला की अंगठा स्टिकवर आणि तर्जनी मागच्या झेड बटणावर, अगदी बंदुकीच्या चापावर यावी तशी. अधिकचिन्ह हवं तर डावा हात डाव्या मुठीला.

आणि पकड चुकली की काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरणही त्याच यंत्रावरचं. ‘मारिओ पार्टी’ नावाच्या पहिल्या गेममध्ये काही छोटे खेळ असे होते की स्टिक जमेल तितक्या वेगानं गोल फिरवायची. अंगठ्यानं तो वेग येईना, म्हणून मुलं तळहात स्टिकवर दाबून फिरवायला लागली. तळहातांना फोड आले, कातडी सोलली. तक्रारी न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलपर्यंत गेल्या आणि २००० साली कंपनीनं हातमोजे पुरवायचं कबूल केलं.

सुरंगी (मडगाव)

आमच्या चुलतभावाच्या तळहाताला तस्साच फोड आला होता! घरात सांगितलं होतं क्रिकेटची बॅट लागली म्हणून.

चिरेबंदी (वास्को)

कुर्लीवाला हजर आहे. मी बरीच वर्षं याच पकडीनं खेळतो, तेव्हा तिच्या बाजूनं सविस्तर लिहितो.

अडचण अशी आहे की आधुनिक कंट्रोलरवर उजव्या अंगठ्यावर दोन कामं लादली आहेत. स्टिकनं बघायचं आणि समोरची चार बटणंही त्यानंच दाबायची. बंदुकीच्या खेळात उडी मारायला फुलीवर अंगठा नेला की तेवढा वेळ नेम सुटतो. उडी मारता मारता वळून गोळी झाडायची असेल तर साध्या पकडीत ते होतच नाही. म्हणून तर्जनी वरून आणायची आणि अंगठा स्टिकवर ठेवायचा. इतकं साधं गणित आहे.

ही पकड कुणी हौस म्हणून काढलेली नाही. पीएसपीला, म्हणजे सोनीच्या हातात धरायच्या यंत्राला, एकच छोटी स्टिक होती, तीही डावीकडे अधिकचिन्हाच्या खाली. मॉन्स्टर हंटर या खेळात चालायचं स्टिकनं आणि कॅमेरा फिरवायचा अधिकचिन्हानं. दोन्ही डावीकडेच! जपानमधल्या खेळाडूंनी डावा अंगठा स्टिकवर ठेवून डावी तर्जनी अधिकचिन्हावर वाकवली. म्हणजे कुर्लीची पहिली मोठी पिढी डाव्या हाताची होती.

आता धरायची कशी ते. बहुतेक मुलं तर्जनी ताणून टोक बटणावर आणतात, तिथं दुखतं. कंट्रोलर तळहातात थोडा खोल घ्या, म्हणजे तर्जनीचं मधलं पेर सैल वाकतं आणि बोटाची कड बटणावर येते. त्रिकोण आणि चौकोन तर्जनीला सोपे जातात. फुली आणि गोल तिला लांब पडतात, ते सरळ अंगठ्याला द्या. चारही बटणं तर्जनीनं दाबायचा हट्ट धरलात तर मनगट बाहेर फिरतं. वजन अनामिका आणि करंगळीवर येतं, म्हणून कंट्रोलर मांडीवर टेकवायचा, हवेत धरायचा नाही. पीएस५ चा कंट्रोलर साधारण २८० ग्रॅमचा आहे, पीएस४ चा २१० च्या आसपास होता. आकड्यात फरक थोडा वाटतो, पण दोन बोटांना तो कळतो.

ताई, पेटीचं म्हणाल तर पेटीच्या पट्ट्या जागच्या जागी असतात, म्हणून बोटांनीच शिस्त पाळायची. कंट्रोलरच्या प्रत्येक बटणाचं काम बदलता येतं. मग बोटांनीच का वाकायचं?

माटोळी (फोंडा)

चिरेबंदी, इतकं नीट लिहिलंत, आभार. ‘मनगट बाहेर फिरतं’ हे वाचलं आणि लगेच भाच्याकडे पाहिलं. अगदी तस्संच फिरलेलं असतं, उजवं कोपर फासळीपासून दूर, खांदा वर. तो चारही बटणं तर्जनीनंच दाबतो.

पण माझा मुद्दा सोडत नाही. वाढत्या वयाच्या हाताला ही सवय लावू नये असं मला अजूनही वाटतं. कुणी वैद्यकीय अंगानं सांगेल का?

सह्यकडा (बेळगाव)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात न बघता निदान करता येत नाही, पण काही खुणा सांगते.

दुखणं कुठं आहे ते आधी विचारा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या त्या बाजूला दुखत असेल तर तिथून जाणारे दोन स्नायुबंध एका आवरणातून सरकतात, ते आवरण सुजतं. याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. अंगठा मुठीत घ्या आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. तीव्र कळ आली तर शंका घ्यायला जागा आहे. हे दुखणं कुर्लीवाल्यांपेक्षा अंगठ्यानं सारखी बटणं बडवणाऱ्यांना होण्याची शक्यता जास्त. १९९० मध्येच न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरांनी सलग पाच तास खेळलेल्या बाईंच्या अंगठ्याच्या दुखण्याबद्दल पत्र लिहून त्याला ‘निन्टेन्डिनायटिस’ नाव दिलं होतं. त्या काळच्या कंट्रोलरवर कुर्लीची गरजच नव्हती, तेव्हा नुसत्या पकडीला दोष देऊन चालणार नाही.

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर बघायचं कोपराकडे. तिथून अल्नर नस जाते. कोपर बराच वेळ घट्ट दुमडून किंवा खुर्चीच्या कडेवर टेकवून बसलं की ती दाबली जाते. बिछान्यावर पालथं पडून कोपरांवर भार देऊन खेळणारी मुलं इथं हमखास सापडतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटातली मिडियन नस.

कुर्लीत तर्जनीचं मधलं पेर सतत वाकलेलं राहतं आणि तशा अवस्थेत जोर लावावा लागतो. अधूनमधून केलं तर हात सोसतो, तासन्‌तास नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे जोर. सामना रंगला की मुलं गरजेपेक्षा कितीतरी घट्ट धरतात. नखांकडे बघा, पांढरी पडली असतील तर पकड आवळलेली आहे.

बोटं झटकणं ही हातानं केलेली तक्रार आहे, ती ऐकायची. झटकल्यावर लगेच बरं वाटत असेल तर विश्रांती आणि बैठक सुधारून बघा. रात्री झोपेतही मुंग्या येत असतील किंवा सकाळी बोट अडकत असेल तर डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.

आबोली (पणजी)

@सह्यकडा, हे जपून ठेवतेय. नखांचं तर आत्ताच तपासलं, पेनल्टीच्या वेळी पांढरी पडतात.

कुळागर (सांखळी)

पकडीच्या गोष्टीत घामाचं कुणी काढलंच नाही? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आणि पावसाच्या आधी हवा अशी असते की पंख्याखालीसुद्धा तळहात ओला. कंट्रोलर निसटतो, मग माणूस आवळून धरतो, मग हात दुखतो. माझ्या मते आमच्या अर्ध्या दुखण्याचं मूळ तिथं आहे.

कुणी पावडर लावा म्हणेल, लावू नका. ती घामाशी मिसळून बटणांच्या फटीत बसते आणि बटण खाली जाऊन वर यायला कुरकुरतं. मी सुती पंचाचा तुकडा मांडीवर ठेवतो, दोन सामन्यांच्या मध्ये हात आणि कंट्रोलर दोन्ही पुसतो. मुठीला लावायच्या खरखरीत चिकटपट्ट्या मिळतात त्या चांगल्या. रबराचे मऊ वेष्टन आपल्या हवेत टिकत नाही, चिकट होऊन जातं.

सुरंगी (मडगाव)

आणि हुमणाचे हात! आमच्या घरात जेवल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय कंट्रोलरला शिवायची बंदी आहे. बांगड्याचा वास स्टिकच्या रबरात मुरला की जात नाही.

कुळागर (सांखळी)

सोलं चोळून बघितलीत का? (विनोद आहे, कुणी करू नका.)

दर्यावाट (पेडणे)

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी भर. आमचं घर किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, खारी हवा सगळ्यात शिरते. बॅटरीच्या कप्प्यातल्या पत्र्यांवर हिरवट थर येतो. वापरून झाला की कंट्रोलर झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी.

स्टिक आपोआप सरकायला लागणं, म्हणजे ड्रिफ्ट, त्याचाही पकडीशी संबंध आहे. नेहमीच्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक छोटा संपर्क घासत फिरतो. घासून घासून पट्टी झिजते आणि हात न लावता खेळाडू चालायला लागतो. स्टिक कडेला आपटून दाबून धरायची सवय असेल तर झीज लवकर. हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये चुंबक आणि संवेदक असतात, घासणारं काही नसतं. सेगाच्या १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये ते तंत्र होतं, मग मधल्या काळात मोठ्या कंपन्यांनी सोडून दिलं, आता पुन्हा मिळतंय. पुढचा कंट्रोलर घेताना मी हेच आधी विचारणार.

रापणकार (म्हापसा)

धागा छान पसरतोय. अजून एक पकड सांगतो, माझ्या मते सगळ्यात विलक्षण.

१९८९ च्या निन्टेन्डो टेट्रिसमध्ये २९ व्या पातळीला तुकडे इतक्या वेगानं पडतात की बटण दाबून धरलं तर तुकडा कडेपर्यंत पोचायच्या आत खाली टेकतो. कितीतरी वर्षं तिथंच खेळ संपतो असं मानलं जायचं. मग काहींनी हाताचे स्नायू ताठ करून अंगठा थरथरवत दाबायला सुरुवात केली, सेकंदाला दहाच्या वर वेळा. त्याला हायपरटॅपिंग म्हणतात, हात भयंकर दमतो. नंतर रोलिंग आलं. अंगठा अधिकचिन्हावर हलका ठेवायचा, दाबायचा नाही. दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक वाजवायची. प्रत्येक टिचकीनं कंट्रोलरच पुढं येऊन अंगठ्यावर आदळतो! बटण अंगठ्याकडे येतं.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या मुलानं याच पकडीनं १५७ व्या पातळीपर्यंत जाऊन तो खेळ गोठवला. खेळ बाजारात आल्यावर चौतीस वर्षांनी. कंट्रोलर तोच, बटणं तीच, बदलली फक्त धरायची रीत. मला हे फार मोठं वाटतं.

शिगमो (केपे)

पाठीवर बोटं वाजवायची म्हणजे घुमटवाल्यांना जन्मतः येणार. आमच्या आरतीच्या चमूला एकेक कंट्रोलर द्या.

खाजें (फोंडा)

मारामारीच्या खेळांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मी आर्केड स्टिकवर खेळतो. गोल गोळ्याचा दांडा असेल तर तो वरून मुठीत आवळायचा नाही. तळहात वर करायचा, दांडा मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या बेचक्यातून वर येऊ द्यायचा, गोळा तळहाताच्या खळग्यात. वाइनचा पेला धरतात तशी, म्हणून नावही तेच. मनगट सैल राहतं आणि अर्धवर्तुळ काढताना नुसती बोटं हलतात. साध्या कंट्रोलरवर खेळायचं तर अधिकचिन्हच वापरा, अंगठ्याच्या टोकानं नाही, गादीनं. टोकानं घासलं की कातडी निघते.

चुडी (कुडचडे)

बराच वेळ वाचतेय, आता लिहिते.

माझ्या भावाचा दुचाकीवर अपघात झाला आणि डावा हात कोपराच्या खाली जवळजवळ निकामी झाला. त्याआधी तो आणि मी रोज रात्री एकत्र खेळायचो. घरी आल्यावर तो कंट्रोलरकडे बघायचाच नाही, आणि आम्हीही विषय काढत नव्हतो.

सुरुवात झाली ती कोपायलटनं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर २०१७ पासून अशी सोय आहे की दोन कंट्रोलर मिळून एकच कंट्रोलर समजला जातो. गाडीच्या शर्यतीत त्याच्याकडे उजव्या स्टिकवर घेतलेलं सुकाणू आणि आर ट्रिगर. माझ्याकडे ब्रेक आणि बाकी बटणं. सुरुवातीला आमचं जमेना, मी ब्रेक उशिरा दाबायची आणि तो ओरडायचा. हळूहळू तो ‘आता’ म्हणायच्या आधीच माझं बोट हलायला लागलं.

नंतर एक्सबॉक्सचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर घेतला, २०१८ ला आलेला. पांढरी पाटी, वर तळहाताएवढी दोन गोल बटणं, मागच्या कडेला ३.५ मिलिमीटरच्या १९ खाचा आणि बाजूंना दोन यूएसबी. प्रत्येक खाच म्हणजे कंट्रोलरवरचं एक बटण. त्यात आपल्याला झेपेल तो स्विच जोडायचा. भावाचा एक स्विच पायाखाली असतो, एक डाव्या कोपराच्या खाली उशीवर. चालायची स्टिक उजव्या हातात. सोनीनंही डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅक्सेस नावाचा गोल कंट्रोलर आणला, त्याची बटणांची टोपणं बदलता येतात.

त्याला नवीन पकड बसवताना बघितल्यापासून ‘बरोबर’ आणि ‘चूक’ पकड हे शब्द माझ्या तोंडी येत नाहीत. हात काय करू शकतो ते आधी बघायचं आणि बटणं तिथं आणून ठेवायची.

आबोली (पणजी)

चुडी, भावाला आमच्या सगळ्यांकडून नमस्कार सांग. आता कोणते खेळ खेळतो?

चुडी (कुडचडे)

सांगते गं. शर्यती आणि शेतीचे खेळ. सध्या ट्रॅक्टर घेऊन बसलाय.

माटोळी (फोंडा)

चुडी, तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं. चिरेबंदी म्हणाले तेही पुन्हा वाचलं. बटणांची जागा बदलायची ही वाट मला पटतेय. पीएस५ वर नेमकं काय करावं? भाचा एक तर बंदुकीचा खेळ खेळतो, नाही तर रॉकेट लीग, तो गाड्यांनी फुटबॉल खेळायचा.

चिरेबंदी (वास्को)

ताई, दोन्हींसाठी सांगतो.

बंदुकीचे खेळ: आधी खेळाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये तयार मांडण्या असतात त्या बघा. कॉल ऑफ ड्यूटीत ‘टॅक्टिकल’ मांडणी घेतली की खाली बसणं उजवी स्टिक दाबून होतं, म्हणजे अंगठा उचलावा लागत नाही. हेलो ३ मध्ये ‘बंपर जंपर’ होती, उडी थेट खांद्यावरच्या बटणाला. तेच तत्त्व: नेम धरलेला असताना जे करावं लागतं ते सगळं तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या ताब्यात, आणि निवांतपणे करायचं ते अंगठ्याला. तो कुर्ली का करतो? उडी आणि बसणं यांसाठी. ती दोन कामं हलवली की तर्जनीला वरून यायचं कारणच उरत नाही.

रॉकेट लीग: मूळ मांडणीत उडी फुलीवर आणि बूस्ट (गाडीचा वेग वाढवणं) गोलावर, दोन्ही एकाच अंगठ्याला. बूस्ट आर१ वर न्या. गाडी हवेत गरगर फिरवायचं बटण एल१ ला. बरेच चांगले खेळाडू असंच खेळतात. इथं आबोलीची दोन बोटांची पकड लागेल, पोफळची चालणार नाही.

खेळात सोय नसेल तर यंत्राच्याच सेटिंग्जमध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग कंट्रोलर, तिथं बटणांची अदलाबदल आहे. सोनीनं ही सोय पीएस४ वर २०१५ पासूनच दिली होती, निन्टेन्डो स्विचवर २०२० पासून आहे.

पोफळ (डिचोली)

मी चवथीला रॉकेट लीग खेळणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

खाजें (फोंडा)

पाठीमागे बटणं असलेला कंट्रोलर का नाही घेत? एक्सबॉक्सचा एलिट २०१५ पासून आहे, सोनीचा ड्युअलसेन्स एज २०२३ पासून. अनामिका आणि मधलं बोट नाही तरी रिकामीच असतात, त्यांना उडी देऊन टाकायची.

चिरेबंदी (वास्को)

उत्तम आहेत, पण महाग. नववीतल्या मुलाला आधी मांडणी बदलून बघू दे, फुकटात होतं. आणि एका वेळी एकच बटण हलवा. सगळी एकदम बदलली की दोन दिवसांत कंटाळून पुन्हा जुन्यावर येतो.

सह्यकडा (बेळगाव)

सहमत, एकेक बटण. बदल करताना पाठीला टेका आणि कोपरं मांडीवर किंवा उशीवर, एवढं बघा. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला असेल तर खांदे आपोआप खाली येतात.

माटोळी (फोंडा)

उडी एल१ वर नेली. पहिल्या सामन्यात उडीऐवजी बॉम्ब टाकून स्वतःलाच उडवलं आणि माझ्यावर चिडला. “मावशी, एकच सामना जुन्या बटणांवर खेळू दे.” मी नाही म्हटलं. मग स्वतःच म्हणाला की नको, असंच राहू दे, थोडं जमतंय. खुर्चीत उशी दिलीय. त्रिकोणासाठी तर्जनी अजून वर जाते, ते बटण पुढच्या आठवड्यात हलवू. मनगट मात्र सरळ आहे.

बोटं झटकतो का ते बघतेय, इथं कळवते. सह्यकडा, एल१ ला सतत उडी दिली तर डाव्या तर्जनीवर ताण येईल का?

सह्यकडा (बेळगाव)

उडी टिचकीसारखी असते, दाबून धरायची नसते, तेव्हा फारसा नाही. तर्जनीच्या टोकानं न दाबता पहिल्या पेराच्या गादीनं दाबायला सांगा. दुखलं तर लगेच लिहा.